बेचाळीस किलोमीटर आणि पंधरा अडथळे

आमच्या रनिंग ग्रुपमध्ये रविवारचा लाँग रन संपला की तर्री-पोह्यावर एक तरी वाद होतोच, कधी शूजवरून, कधी कोणाचं घड्याळ किलोमीटर जास्त दाखवतं त्यावरून, पण गेले कित्येक महिने जो वाद काही केल्या मिटत नाहीये तो म्हणजे फुल मॅरेथॉन कठीण की ती चिखलातली अडथळ्यांची शर्यत. ग्रुपमधले बहुतेक जण पक्के रोडवाले. त्यांचं म्हणणं एकच, "ताई, पाच किलोमीटर काय असते हो, तेवढा तर आपला वॉर्म-अप असते." आणि दुसरीकडे जिममधली पोरं, त्यांना मॅरेथॉन म्हणजे नुसतं पळत राहणं वाटतं, सरळ डांबरी रस्ता, पाणी हातात आणून देतात, कठीण काय आहे त्यात. मी दोन्ही केलंय, एकाच वर्षाच्या आत केलंय, दोन्हीचं दुखणं अजून आठवणीत आहे, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. वाद मिटणार नाही हे माहीत आहे, पोहे चालू आहेत तोवर वादही चालू राहणार.

आधी एक स्पष्ट करते. मी काही जिंकायला पळणाऱ्यांतली नाही. चाळिशी जवळ आलेली, दिवसभर खुर्चीवर बसून नोकरी, शाळेत खो-खो खेळले तेवढंच, वजन साठच्या आसपास. जे जिंकायला पळतात त्यांचं जगच वेगळं, २०२३ मध्ये केल्विन किप्टमनं शिकागोला २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन संपवली, म्हणजे दर १०० मीटर साधारण १७ सेकंदांत आणि हे चारशेवर वेळा लागोपाठ. आपल्यातले बहुतेक जण तसे शंभर मीटर एकदा पळाले तरी गुडघ्यावर हात टेकून उभे राहतील. तेव्हा माझी तुलना ही साध्या नोकरदार माणसाची तुलना समजा.

मॅरेथॉन आधी केली. मुंबईची, जानेवारीतली. नागपूरकराला ही रेस एका बाबतीत सोयीची आणि एका बाबतीत भलतीच गैरसोयीची. सोयीची अशी की तयारीचे शेवटचे तीन महिने आपल्याकडे थंडीत येतात. सोळा ते अठरा आठवड्यांचा प्लॅन असतो साधारण, मी सप्टेंबरमध्ये सुरू केला, तेव्हा पाऊस आणि चिकचिक, मग ऑक्टोबरचं ते डोकं तापवणारं ऊन, पण दिवाळीनंतर सकाळी अंबाझरीला पळायला जी मजा येते ती कोणत्याही शहरात येत नसेल असं माझं प्रामाणिक मत आहे. मधल्या दिवशी अंबाझरी ते फुटाळा, चढासाठी सेमिनरी हिल्स (आपल्याकडे चढ म्हणजे तेवढाच, त्यामुळे त्यावरच पुन्हा पुन्हा वर-खाली करायचं), आणि रविवारी लांबचं पळणं वर्धा रोडवर. पहाटे साडेचारला प्रताप नगरवरून निघायचं, छत्रपती चौकात यायचं आणि तिथून मेट्रोच्या पुलाखालून खापरीकडे. डोक्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो, आणि खाली आम्ही पाच-सहा जण आणि आमच्यामागे कुत्रे. कुत्र्यांमुळे माझा सगळ्यात फास्ट किलोमीटर उज्ज्वल नगरजवळ झालेला आहे.

मॅरेथॉनची तयारी ही पायांपेक्षा घड्याळाची परीक्षा जास्त आहे हे आधी कोणी सांगत नाही. आठवड्याला पन्नास किलोमीटरच्या आसपास पळायचं म्हणजे माझ्या स्पीडनं सहा तास नुसतं पळण्यात, त्यात जाणं-येणं, स्ट्रेचिंग, आंघोळ, आणि लाँग रनच्या दिवशी दुपारी जी झोप येते ती वेगळीच. लग्नसराईत रात्री नऊला झोपणारी बाई म्हणजे नातेवाइकांच्या दृष्टीनं गेलेली केस. सासूबाई एक दिवस न राहवून म्हणाल्याच, "काऊन वो एवढा जीव जाळून राहिली, बसनं जाता येते ना तिथं." त्याच सासूबाई नोव्हेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात आली तेव्हा लाँग रनसाठी सोलून, बिया काढून डब्यात भरून द्यायच्या. नवरा ॲक्टिव्हावर तो डबा आणि मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन मागे. दर पाच किलोमीटरला तो थांबायचा, मी खायची, तो रील्स बघायचा.

खाण्याचा विषय निघाला तर तो नीट सांगते कारण मॅरेथॉनचं सगळं अवघडपण माझ्या मते तिथेच आहे. लोक म्हणतात ना की तीस किलोमीटरनंतर मनाची परीक्षा सुरू होते, भिंत लागते वगैरे. मनाचं काय ते असेल, पण ती भिंत आधी साखरेची असते. शरीरात स्नायू आणि लिव्हर मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, जो साठा असतो तो साधारण दोन हजार कॅलरीच्या आसपास. आणि पळायला ढोबळमानानं एका किलो वजनामागे एका किलोमीटरला एक कॅलरी लागते. माझं साठ किलो धरा, गुणिले बेचाळीस, झाल्या अडीच हजार. म्हणजे टाकी आधीच छोटी. उरलेलं चरबीतून यायचं, पण चरबी जळायला वेळ घेते, तुम्ही स्पीडनं पळताय तर ती तेवढ्या घाईनं पुरवठा करू शकत नाही. म्हणून वाटेत खात राहायचं, आणि सुरुवातीला हळू पळायचं. हे दुसरं फारच कठीण आहे. सुरुवातीला पाय ताजे, आजूबाजूला हजारो माणसं, ढोल वाजताहेत, आणि तुम्हाला मुद्दाम हळू पळायचंय. मॅरेथॉन म्हणजे किराणा दुकानातली उधारीची वही आहे, पहिल्या दहा किलोमीटरमध्ये जे जास्तीचं उचललं ते सगळं मांडलेलं असतं आणि शेवटच्या दहामध्ये एकरकमी वसूल होतं.

आता ती गैरसोय. नागपूरची डिसेंबरची पहाट दहा-बारा डिग्री आणि हवा कोरडी, घाम येतो आणि उडून जातो. मुंबईला जानेवारीत पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर उभी राहिले तेव्हा अजून पळायला सुरुवातही नव्हती आणि मानेवर चिकट झालं होतं. दमट हवेत घाम उडत नाही, नुसता गळतो, अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र जात राहतं. मरीन ड्राइव्हपर्यंतच टी-शर्ट पिळून काढावा असा झाला. आमच्या ग्रुपमधले जे आधी जाऊन आले होते त्यांनी बजावून ठेवलं होतं की नुसतं पाणी पीत सुटू नका, मिठाचं काहीतरी घेत राहा, कारण तासन्‌तास पळताना अति पाणी पिऊन रक्तातलं सोडियम खाली गेलं तर तो प्रकार डिहायड्रेशनइतकाच घातक असतो. मी कमरेच्या पट्ट्यात मिठाच्या गोळ्या आणि चिक्कीचे तुकडे घेऊन पळत होते. चिक्की हा आपला खरा एनर्जी जेल आहे, फक्त पळताना चावताना दातात अडकते.

सी-लिंकवर सूर्य वर आला आणि पंचवीसपर्यंत मी मजेत होते, खोटं कशाला बोलू. लोकांच्या सोसायटीतून बिस्किटं, केळी, संत्र्याच्या फोडी (नागपूरच्या नव्हत्या, चवीवरून कळलं), एक आजी तर खुर्ची टाकून बसलेल्या आणि प्रत्येकाला "पळ गं बाई, पळ रे बाबा" म्हणत होत्या. तीस झाले, बत्तीस झाले, आणि मग कोणीतरी स्विच बंद केल्यागत मांड्या थांबल्या. दुखणं नाही हं ते, दुखणं तर आधीपासून होतं. हे वेगळं, डोक्यानं सांगावं आणि पायानं ऐकूच नये. त्यात पस्तिसावा किलोमीटर ओलांडल्यावर पेडर रोडचा चढ. एरवी गाडीतून जाताना तो चढ आहे हेसुद्धा कळत नाही. मी तिथे खांब ठरवून चालत होते, या खांबापासून त्या खांबापर्यंत चाल, पुढचा खांब पळ. माझ्या शेजारी एक काका होते, सत्तरीचे असतील, ते त्याच चढावर एकाच लयीत हळूहळू पळत पुढे गेले आणि मी त्यांना शेवटपर्यंत गाठू शकले नाही.

पाच तासांच्या थोडं आत संपलं. त्यातला शेवटचा तास म्हणजे मॅरेथॉन, आधीचे चार तास म्हणजे त्या तासाला पोचायचं भाडं. आणि मुद्दा हा आहे की त्या तासात तुम्हाला कोणी काही मदत करू शकत नाही. टाळ्या वाजवतील, पाणी देतील, पण तुमचे किलोमीटर तुम्हालाच काढायचे आहेत. सोडायचा पर्याय एकच, बाजूला जाऊन बसणे. अर्धंमुर्धं काही नसतं.

नंतरचे चार दिवस जिना उलटा उतरत होते. पायाच्या एका बोटाचं नख काळं पडलं ते पुढे दोन महिन्यांनी गळालं. डॉक्टरांनी सांगितलं की तीन आठवडे जोरात पळू नका, मी ऐकलं. आणि त्या तीन आठवड्यांत, पळायला नाही म्हणून चिडचिड चालू असताना, ऑफिसमधल्या एका पोरीनं अडथळ्यांच्या शर्यतीची लिंक पाठवली. पुण्याजवळ, पाच किलोमीटर, पंधरा अडथळे. "ताई, तुम्हाला तर काहीच नाही हे, तुम्ही तर बेचाळीस पळता." मलाही तसंच वाटलं, का वाटणार नाही.

हा प्रकार जुना आहे तसा. इंग्लंडमध्ये १९८७ पासून टफ गाय नावाची शर्यत भरायची, तीही ऐन जानेवारीच्या थंडीत, गारठलेल्या पाण्यातून. पण जगभर पसरला तो २०१० नंतर, त्याच वर्षी अमेरिकेत स्पार्टन रेस आणि टफ मडर दोन्ही सुरू झाल्या. दोघींची वृत्ती एकदम उलटी आहे. स्पार्टनमध्ये वेळ मोजतात, नंबर लागतात, आणि अडथळा जमला नाही की जागेवर तीस बर्पी (खाली आडवं व्हायचं, उठायचं, उडी मारायची) असा नियम कित्येक वर्षं होता. टफ मडरमध्ये एरवी वेळ मोजतच नाहीत, एकमेकांना ओढून-ढकलून पार करायचं हाच खेळ. भारतात डेव्हिल्स सर्किटसारख्या शर्यतींमुळे हे बऱ्याच शहरांत पोचलं. आणि आता तर ऑलिम्पिकमध्येही येतंय, मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतली घोडेस्वारी काढून २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये तिथे अडथळ्यांची शर्यत असणार आहे. आमच्या रोडवाल्यांना हे सांगितलं तर एक भाऊ म्हणाले, "घोडा काढून माकड घेतलं म्हणा ना."

माकडच. कारण माझं सगळं अडलं ते माकडाच्या कामावर. पहिल्यांदा प्रताप नगरच्या गार्डनमधल्या ओपन जिमच्या बारला नुसती लटकले तर दहा-बारा सेकंदांत बोटं आपोआप उघडली. मी सोडलं नाही, बोटांनी सोडलं. बेचाळीस किलोमीटर पळलेली बाई दहा सेकंद लटकू शकत नाही हे बघून शेजारच्या सिमेंटच्या बाकावरचे आजोबा इतके मनापासून हसले की मलाही हसू आलं. ते काय होतं तर मूठ घट्ट आवळून धरली की कोपराखालचे स्नायू इतके ताठतात की त्यांच्यातलं रक्ताचं येणं-जाणंच अडतं, मग तिथे जळजळ सुरू होते आणि पकड सुटते. हृदय, फुफ्फुस कितीही चांगलं असू द्या, रक्त पोचतच नाही तर त्यांचा काय उपयोग. पळून कमावलेलं सगळं तिथे बाहेरच उभं राहतं.

मग तयारी. यात वेळ कमी लागतो, हे मान्य करायलाच पाहिजे. आठवड्याला तीन-चार दिवस, पाऊण तास, आणि पळणं आपलं नेहमीचं. पण लाज फार लागते. मॅरेथॉनमध्ये तुम्ही हळू पळालात तरी तुम्ही पळताय असंच दिसतं. इथे तुम्ही बारला लटकता आणि पडता. रोज गार्डनमधल्या पोरांसमोर पडता. ती पाच-सहा वर्षांची पोरं मंकी बारवर या टोकाकडून त्या टोकाला सरसर जातात आणि मग वळून बघतात की काकू अजून तिथेच आहेत का. त्यांच्याकडे बघूनच मला एक गोष्ट कळली जी नंतर व्हिडिओमध्येही दिसली, की ती हात वाकवत नाहीत. हात सरळ, अंग मागे-पुढे झुलवायचं आणि झुलण्याच्या जोरावर पुढचा बार पकडायचा. आपण मोठी माणसं घाबरून कोपर वाकवतो, अंग आखडतो, आणि एकेका बारवर थांबून विचार करतो. थांबलं की संपलं.

दोरासाठी मी मल्लखांबाच्या वर्गात गेले. आपल्याकडे विदर्भात मल्लखांबाची परंपरा आहे, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती, हे सरांनी मला पहिल्याच दिवशी अभिमानानं सांगितलं आणि मग माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "तुम्हाला कशासाठी शिकायचं आहे?" मी सांगितलं. ते म्हणाले, चढा. चढणं लांब राहिलं, मी दोराला मिठी मारून उभी होते. बाजूला चौथी-पाचवीतल्या मुली दोरावर उलट्या होऊन आसनं करत होत्या. दोरीच्या मल्लखांबात दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मध्ये पकडतात, त्या पकडीवरच सगळं उभं असतं. सर ते शिकवायला लागले आणि पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांच्या बेचक्यात सालटं निघाली. मग त्यांना आठवलं आणि त्यांनी विचारलं की शर्यतीत बूट असतील ना? असतील. चिखलानं भरलेले असतील? असतील. "मग हे काही कामाचं नाही बाप्पा," म्हणाले आणि बूट घालून यायला सांगितलं.

बुटांची पकड अशी आहे. दोर मांडीच्या बाहेरून खाली सोडायचा, एका बुटाच्या खालून घ्यायचा आणि दुसऱ्या बुटानं वरून दाबून धरायचा. दोर दोन बुटांमध्ये चिमटला जातो आणि तुम्ही चक्क त्यावर उभे राहू शकता. हात फक्त पडू नये म्हणून. गुडघे छातीशी घ्यायचे, पुन्हा चिमटा, पुन्हा उभं राहायचं. म्हणजे दोर चढणं हे दंडाचं काम नाहीच, मांडीचं काम आहे, आणि मांड्या पळून पळून माझ्या चांगल्या होत्या. ज्या दिवशी हे डोक्यात बसलं त्या दिवशी मी वरच्या हुकाला हात लावून आले आणि त्या चौथीतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मुंबईच्या मेडलपेक्षा त्या टाळ्या भारी वाटल्या.

शर्यतीचा दिवस. रात्रीच्या ट्रेननं पुण्याला, तिथून कॅबनं मैदानावर. मॅरेथॉनच्या सुरुवातीला सगळे गप्प असतात, घड्याळ बघतात, टॉयलेटच्या रांगेत उभे असतात. इथे डीजे, ओरडाआरडा, लोक एकमेकांना खांद्यावर घेताहेत. पहिला किलोमीटर मी जोरात पळाले कारण पळणं येतं ना, आणि पुढे निघून गेले. पहिली छोटी भिंत, झाली. काटेरी तारेखालून चिखलातून सरपटणं, इथे कळलं की खडे असतात चिखलात आणि गुडघ्याला, कोपराला ते मोजता येतात. सरपटून उठून पळायला लागले तर धाप इतकी की जणू चारशे मीटरचा स्प्रिंट मारला. हाच मुख्य फरक आहे बघा. मॅरेथॉनमध्ये हृदयाचे ठोके एका पातळीवर ठेवायचे असतात, तुम्ही त्या लयीत शिरता आणि तासन्‌तास राहता. इथे लय लागूच देत नाहीत. पळा, थांबा, वाळूचं पोतं उचला, चढावर न्या, खाली आणा, ठेवा, आणि आता त्याच थरथरत्या पायांनी पळा. घड्याळावरचा ग्राफ नंतर बघितला तर नुसते डोंगर-दऱ्या.

बर्फाच्या टाकीबद्दल काय लिहू. नागपूरच्या माणसाला मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत ऑफिसला जायला सांगा, तो हेल्मेटखाली दुपट्टा गुंडाळून निघेल, पण बर्फात डोकं बुडवून फळीखालून पलीकडे निघा म्हटलं की त्याचे पूर्वज आठवतात. श्वास आत जातच नाही काही सेकंद. युक्ती एवढीच की शिरायच्या आधी श्वास सोडायचा, आत गेल्यावर घाबरून गटकन घ्यायचा नाही. बाहेर आले तेव्हा बोटं बधिर, आणि आयोजकांची अक्कल बघा, पुढचाच अडथळा मंकी बार. ओले बार, बधिर बोटं. झुलत झुलत चौथ्या-पाचव्यापर्यंत गेले आणि खालच्या पाण्यात धप्पकन. तिथला व्हॉलंटिअर म्हणाला, मॅडम बाजूनं निघा, चालतं. खुल्या गटात चालतं तसं, न जमलेला अडथळा सोडून पुढे जाता येतं. मी निघाले.

आणि मग ती मोठी भिंत, आठ-नऊ फुटांची, पकडायला काही नाही. माझी उंची पाच फूट एक इंच. उडी मारून वरची कडा हाताला लागेना. मागून दोन पोरं आली, विशीतली, ओळख ना पाळख, एक जण भिंतीला पाठ लावून बसला आणि म्हणाला, "काकू, मांडीवर पाय द्या, मग खांद्यावर." चिखलानं भरलेला बूट कोणाच्या पोराच्या खांद्यावर द्यायचा म्हणजे मला कसंतरी झालं, तो म्हणाला द्या हो, आई समजून नाही, टीम समजून. वर गेले, वरून दुसऱ्यानं हात ओढला. पलीकडे उतरल्यावर मी वळून एका मुलीला तसाच हात दिला, आणि तिथून पुढे आम्ही चौघंजण एकत्रच पळालो. दोर मात्र मी एकटीनं चढले, ओल्या बुटांनी, आणि त्या पोरांना पायाचा चिमटा कसा मारायचा ते खालून ओरडून मीच शिकवलं. दीड तासाच्या आत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये पाय एकदम मस्त होते. पण पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. घरी आल्यावर पोळ्या लाटता येईनात, केसांचा क्लिप लावायला हात मागे जाईना, तळहातावरची दोन ठिकाणची कातडी निघालेली, गुडघ्यांवर असे ओरखडे की ऑफिसमध्ये सगळ्यांना वाटलं गाडीवरून पडली. (खरचटलेलं असेल तर तो चिखल लगेच स्वच्छ धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आधीच बघून ठेवा, शर्यतीचा चिखल गुलाबपाणी घालून केलेला नसतो.) पण चार-पाच दिवसांत सगळं ठीक. आठवड्यानं पुन्हा अंबाझरीला पळत होते.

तर कठीण काय? माझं मत असं बनलंय. फक्त शेवटच्या रेषेपर्यंत पोचायचं असेल तर मॅरेथॉन कितीतरी कठीण आहे, त्यात काही तुलनाच नाही. पाच किलोमीटरची अडथळ्यांची शर्यत बऱ्यापैकी चालता-फिरता माणूस दोन महिन्यांच्या तयारीवर संपवू शकतो, जमेल ते करायचं, नाही जमलं की बाजूनं, आणि खांदा द्यायला कोणीतरी असतंच. फुल मॅरेथॉन दोन महिन्यांत कोणी करतो म्हणाला तर त्याला घरी बसवा. पण अट अशी घातली की पंधराच्या पंधरा अडथळे स्वतःच्या ताकदीवर, कोणाचा हात न घेता, तर पारडं फिरतं. मॅरेथॉन मी परत एकदा केली तर संपवेन हे मला माहीत आहे. ती भिंत आणि ते ओले मंकी बार एकटीनं, हे मला आज जमणार नाही, आणि पुढच्या वर्षी जमेल का याची खात्री नाही. जागतिक पातळीवरच्या काही शर्यतींमध्ये मनगटाला पट्टा असतो, एक अडथळा जरी राहिला तरी पट्टा कापून घेतात. तशा नियमानं मी दुसऱ्या किलोमीटरलाच बिनपट्ट्याची झाले असते.

आणि दोन्हींमध्ये अंतर सारखं ठेवलं तर वादच नको. स्पार्टनची बीस्ट म्हणून असते ती २१ किलोमीटर आणि तीस अडथळे, बहुतेक ठिकाणी डोंगरावर. साध्या माणसाला ती पूर्ण मॅरेथॉनपेक्षा जास्त वेळ घेते, निम्म्या अंतरात. आमच्या रोडवाल्यांनी एकदा ती करून यावं आणि मग पाच किलोमीटर वॉर्म-अपवर बोलावं. उलट जिमच्या पोरांना मी डिसेंबरात एकदा खापरीपर्यंत आणि परत असं नुसतं सोबत चला म्हटलं, दोघं आले. त्यातला एक, जो वीस पुल-अप्स हसत मारतो, तो सोळाव्या किलोमीटरला सोमलवाड्याच्या थोडं आधी फुटपाथवर बसला आणि त्यानं माझ्या नवऱ्याच्या ॲक्टिव्हावर जागा मागितली.

एका गोष्टीत मात्र मॅरेथॉनवाल्यांचा मुद्दा मला पटतो. बेचाळीस किलोमीटर १९५ मीटर म्हणजे कुठेही तेवढंच, नागपूरच्या माणसाचा टाइम मुंबईवाल्याच्या टाइमशेजारी ठेवता येतो. अडथळ्यांच्या शर्यतीत दर वेळी मैदान वेगळं, चिखल वेगळा, भिंतीची उंचीसुद्धा वेगळी, त्यामुळे "मी एक तास वीस मिनिटं" याला काही अर्थ नसतो. ज्याला आकड्यांचं वेड आहे त्याला हा प्रकार आवडणारच नाही. मला उलट तेच बरं वाटलं, कोणी टाइम विचारत नाही, काय काय पार केलं ते विचारतात.

ज्यांना दोन्ही करायचंय त्यांनी क्रम माझ्यासारखाच ठेवावा असं मी म्हणणार नाही. लटकणं आणि दोर यांना हाताची कातडी आणि कोपरं तयार व्हायला वेळ लागतो, ते वर्षभर थोडं थोडं चालू ठेवलं तर मॅरेथॉनच्या तयारीत काही बिघडत नाही, उलट शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये खांदे पडत नाहीत. पण मॅरेथॉनच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, जेव्हा पळणं कमी करत आणायचं असतं, तेव्हा रिकामा वेळ आहे म्हणून भिंतीवरून उड्या मारायला जाऊ नका. ग्रुपमधल्या एकानं तेच केलं, घोटा मुरगळला, आणि मुंबईचा नंबर खिशात ठेवून घरी टीव्हीवर रेस बघितली.

माझी पुढच्या जानेवारीची मुंबई नक्की आहे. त्याच्या पुढे मार्चमध्ये दहा किलोमीटरवाली शर्यत बघतेय, पंचवीस अडथळे आहेत. ऑफिसची ती पोरगी येतेय, मल्लखांबाचे सर म्हणतात बघतो, आणि नवऱ्यानं विचारलंय की तिथे ॲक्टिव्हा आत नेऊ देतात का.